दुसऱ्यांची माणसं

३ मार्च

पोचलो एकदाचा, हाडं सगळी जागेवर आहेत. मुलगा सारखं म्हणत होता, बाबा, मागची खोली लहान आहे हं, नंतर म्हणू नका. पण ही तर माझ्या दुकानापेक्षा मोठी निघाली. स्वतंत्र दार, दाराबाहेर पायरी आणि फरशीचं अंगण, खिडकीखाली टेबल. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा सारला. भिंती नव्याने रंगवलेल्या, एकही खिळा नाही. सून म्हणाली, खिळे ठोका की हवे तेवढे, फक्त मला विचारून ठोका. म्हणजे ठोकू नका. जन्मभर लोकांच्या फोटोंना चौकटी करून पोट भरलेल्या माणसाला एवढं कळतं.

तरी एक ठोकला. हिचा फोटो पलंगासमोर लावला. चौकट माझ्याच हातची, गडद लाकडाच्या पट्टीची, कोपरे असे जुळलेत की नखही शिरणार नाही. हत्यारांची पेटी पलंगाखाली ठेवली. मुलगा म्हणाला होता, ती कशाला आणता. मी म्हटलं, असू दे, खात नाही काही.

ही डायरी सुनेने दिली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, मनातलं लिहून काढा. शाळा सातवीत सुटली, पण अक्षर बरं आहे. फक्त लिहिलेलं परत वाचायचं नाही, असं ठरवलंय. काच कापताना हिऱ्याची रेघ एकदाच ओढायची असते. तीच रेघ दुसऱ्यांदा ओढली की काच भलतीकडे तडकते.

६ मार्च

गॅस बंद आहे का ते दोनदा पाहून आलो. सून म्हणाली, बाबा, तुमच्या खोलीत गॅसच नाहीये. म्हणून तर त्यांचा पाहून आलो.

मला खरी काळजी एकाच गोष्टीची आहे. हिला जाऊन वर्ष व्हायचंय आणि मला भीती वाटते की ही माझ्या डोक्यातून निसटेल. जुने फोटो कसे कडेपासून पिवळे पडत आत येतात, तसं. म्हणून रोज सकाळी तपासतो. चेहरा, चालणं, आवाज. आजचं सगळं शाबूत आहे. फ्रेमवाल्याची बायको असून हिच्या नजरेत सरळ रेष म्हणून नव्हती. कोणाच्याही घरी गेली की भिंतीवरचा फोटो एका बोटाने नीट करायची आणि तो हमखास डावीकडे कलायचा. मी परत सरळ करायचो. ती म्हणायची, अहो फ्रेमवाले, वाकडं तुमच्या डोळ्यांत आहे. आणि पाणी. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ही गार पाणीसुद्धा फुंकून प्यायची, जन्मभर. मी हसायचो. ती म्हणायची, हसा, तोंड माझं आहे.

९ मार्च

सुनेने मोबाइलमध्ये एका ग्रुपला जोडून दिलं. नाव 'सोबत'. सगळी आपापलं माणूस गमावलेली. खरी नावं कोणी सांगत नाही, टोपणनाव घ्यायचं. मी 'फ्रेमवाले' घेतलं. तेवढीच हाक परत कानावर येईल.

चालवणारी बाई आहे, तिचं नाव 'निळी छत्री'. पूर्वी नर्स होती. मला लगेच दादा म्हणाली. तिथला रिवाज असा की कोणाला फार जड झालं तर त्याने आपल्या माणसाबद्दल सगळं एकाला सांगायचं. ऐकणाऱ्याने उपदेश करायचा नाही. शेवटी एकच शब्द लिहायचा : ठेवलं. म्हणजे तुझं ओझं मी माझ्याकडे ठेवून घेतलं.

पोरखेळ वाटला आधी. मग दुपारी कोणी 'जागरण' नावाची बाई आईबद्दल लिहीत होती, कोणीच उत्तर देईना. मी वाचत बसलो. एका बोटाने लिहिलं, ठेवलं. तिने लिहिलं, आजोबा, आज पहिल्यांदा जेवण गेलं.

मलाही गेलं.

१६ मार्च

सकाळी उठल्यावर आता आधी मोबाइल बघतो. कोण उठलं, कोण नाही, कोणाचं कसं आहे. मुलगा आणि सून कामाला जातात, घर दिवसभर माझ्या अंगावर येतं. पण खिशात ही माणसं असतात. छत्री रोज विचारते, दादा, वहिनींचा आवाज आज आला का. मुलाने एवढं कधी विचारलं नाही. त्याला दोष देत नाही, त्याची आई होती, त्याचं त्याने कुठेतरी गाडून ठेवलं असेल.

'मास्तर' म्हणून एक आहेत. त्यांचा थोरला भाऊ बस चालवायचा. निवृत्त झाल्यावरही जेवायला बसला की पानाखाली उजवा पाय दाबायचा, ब्रेक मारल्यासारखा. मास्तर हे सांगतात आणि मग तेच परत पहिल्यापासून सांगतात. या माणसासाठी काहीतरी करावंसं वाटतं. दुकानात असंच असायचं. लोक गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन यायचे, मी काच पुसत राहायचो आणि ते बोलत राहायचे. चौकट हातात पडली की चेहरा निवळायचा. मला दुसरं काही येत नाही, पण तेवढं येतं.

२२ मार्च

मास्तरांना म्हटलं, भावाचा फोटो पाठवा, मी चौकट करून देतो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईकडून छापून घेतला. पट्टी कापली, पुठ्ठा बसवला, काच आतून फुंकून पुसली, मागून खाकी कागद खळीने घट्ट चिकटवला. धुळीलाही जागा ठेवली नाही. कित्येक महिन्यांनी हात थरथरला नाही.

कुरिअरचा पत्ता मागितला तर मास्तर म्हणाले, माझ्याच्याने बघवणार नाही, तुमच्याकडेच राहू द्या. मग भिंतीवर लावली आणि लिहिलं, ठेवलं.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला, छातीवरचा दगड उचलल्यासारखं झालं. छान वाटलं.

२७ मार्च

मास्तर ग्रुप सोडून गेले. निरोपसुद्धा नाही. गरज सरो, वैद्य मरो. छत्री म्हणाली, दादा, बरं झालं की माणूस दवाखान्यात थांबतो का. तिचंही खरं आहे. आता ती सगळ्यांना सांगते, फ्रेमवाले दादांकडे पाठवा, त्यांच्या हाताला गुण आहे. 'जागरण'ने आईचा पाठवला, लगेच बरी झाली, लगेच गेली. आणखी आले. एका लहान मुलीचा आला, दोन शेंड्या आणि पडलेला दात. तिच्या बापाने काही लिहिलंच नाही, नुसता फोटो. त्याला मी हात जोडून लिहिलं, ठेवलं.

सून दारात उभी राहून भिंत बघत होती. म्हणाली, बाबा, ही कोणाची माणसं, आपली खोली आहे की बसस्टँड. मग म्हणाली, आणि खिळे मला विचारून ठोकणार होतात.

२ एप्रिल

मास्तरांच्या ड्रायव्हर भावाच्या काचेला आतून वाफ धरली. ओल राहिली असेल. माझ्या हातून अशी चूक होत नाही, पण वय झालं. कागद फाडला, सगळं उन्हात वाळवलं, परत बंद केलं. तोवर जागरणच्या आईच्या, त्या म्हातारीच्या, काचेलाही वाफ.

वाफ सगळ्या काचेवर नाही. तोंडासमोर तेवढीच.

५ एप्रिल

चौकटी परत उघडून परत बंद केल्या. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही म्हणून सुनेलाही दाखवलं. ती म्हणाली, पावडर लावा काहीतरी.

आज लहान मुलीच्या काचेवर बोटाचे ठसे आहेत. घासून पुसतो, जात नाहीत. कारण ते आतून आहेत. माझं बोट एवढं लहान नाही.

छत्रीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, दादा, तुम्ही त्यांना नीट जागा दिलीत म्हणून असेल. आम्ही नुसता शब्द द्यायचो, तो वाऱ्यावर जायचा. तुम्ही मागून कागद लावलात.

८ एप्रिल

दुपारी डोळा लागला होता. जागा झालो तर खिडकीजवळच्या खुर्चीत माणूस बसलेला. मला पाठमोरा. उजवा पाय फरशीवर दाबला, सोडला. परत दाबला. मी पांघरूण गच्च धरून पडून राहिलो. खोकला आला तो दाबला, तर तो कोपऱ्यातून आला. बायकी, जुना खोकला. दार लागलंय का बघ गं, असं कोणीतरी म्हणालं.

सून चहा घेऊन आली. रिकाम्या खोलीत ती खांदा वळवून, अंग चोरून, पदर सावरत टेबलापर्यंत आली, गर्दीतून यावं तशी. कप ठेवून तशीच अंग चोरून गेली. तिच्या लक्षातही आलं नाही.

११ एप्रिल

घाबरलो होतो, आता घाबरण्यापेक्षा राग जास्त येतो. ज्याचा त्याचा माणूस आला. ड्रायव्हर आला, म्हातारी आली, मुलगी पडद्यामागे लपते. ज्यांची माणसं ती तिकडे मजेत, आणि ही माझ्या खोलीत दाटीवाटीने. आणि माझी? ती मात्र पलंगासमोर काचेत नुसती बघते. तिच्या काचेला वाफ नाही. बोट नाही. तिची चौकट तर मी सगळ्यांत जीव लावून केली होती.

छत्री म्हणाली, दादा, आपलं आपण ठेवून चालत नाही, दुसऱ्याने ठेवावं लागतं. तुम्ही सगळ्यांचं ठेवलंत, तुमचं कोणी ठेवलं? वहिनींना माझ्याकडे पाठवा. आल्या की मी तुम्हाला रोज कळवीन, काय करतात, काय बोलतात.

माझ्या घरी नाही तर नाही, कुठेतरी येईल. फोटो उतरवला. पाण्याचं, वाकड्या फोटोंचं, हाक मारायचं, सगळं छत्रीला लिहून कळवलं. लिहिताना हलकं वाटत होतं, ते चांगलंच लक्षण मानलं. पार्सल कुरिअरला देऊन आलो.

१४ एप्रिल

मूर्ख आहे मी.

मास्तरांचा नंबर होता. वाटलं, बिचाऱ्याला कळवावं, भाऊ सुखरूप आहे, ब्रेक मारतो अजून. त्यांचं उत्तर आलं, अगदी नम्र. आजोबा, नंबर चुकलाय बहुतेक, मी एकुलता एक, मला भाऊ नव्हताच.

'जागरण'ला विचारलं. ती म्हणाली, आई? कोण आई?

हलकी नाही झाली ही माणसं. रिकामी झाली.

कुरिअरच्या ऑफिसात धावत गेलो, एका पायात चप्पल मुलाची होती. तिथला माणूस म्हणाला, आजोबा, गेलेलं पार्सल गेलं, आम्ही काय गाडीमागे पळत जाणार. छत्रीला लिहिलं, उघडू नका, परत पाठवा, तो शब्द लिहू नका. तिचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं.

पोचल्या वहिनी. ठेवलं.

१५ एप्रिल

सकाळी तपासलं. चेहरा आहे. चालणं आहे. आवाज — आवाजाच्या जागी म्हातारीचा खोकला येतो.

इथे लिहून ठेवतो म्हणजे राहील. तिला हिरवा रंग आवडायचा. किंवा आवडायचा नाही. पाण्याचं काहीतरी होतं. पाणी ती — पाणी —

मागची पानं उघडावीत का. आधी लिहिलंय सगळं. पण रेघ दुसऱ्यांदा ओढली की — जे आहे तेही तडकेल. नको.

१८ एप्रिल

छत्रीला रोज विचारतो, आली का. आधी उत्तर यायचं, नाही अजून दादा. आता येत नाही.

खोलीत उभं राहायला जागा नाही. म्हातारी पलंगावर बसते. मी टेबलाशी. मुलगी विचारते, तुमचं कोणी नाही का. मी म्हटलं, आहे. कोण आहे, तिने विचारलं. मला सांगता येईना.

२१ एप्रिल

मुलगा आला. भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बघत म्हणाला, बाबा, आईचा फोटो कुठे आहे. मी विचारलं, कोणाच्या आईचा. जागरणच्या आईचा तर तिथेच आहे.

त्याने मोबाइलवर एका बाईचा फोटो दाखवला. बरी होती दिसायला. मुलगा आहे म्हणजे त्याची आई असणार, एवढं मलाही कळतं. पण त्यात मला आठवण्यासारखं काही नव्हतं. बाहेर जाऊन तो सुनेला म्हणाला, बाबांचं सगळं गेलं गं. त्याचा आवाज रडल्यासारखा होता. एवढा मोठा माणूस.

२४ एप्रिल

छत्रीचा निरोप आला, लांबलचक. बाईचं डोकं आता ठिकाणावर नाही असं दिसतं.

लिहिते, दादा, वहिनी आल्यात. मला सहन होत नाही. घरातल्या सगळ्या चौकटी डावीकडे कलवतात. गार पाणी फुंकतात. दिवसभर दारात उभ्या राहून 'अहो फ्रेमवाले' म्हणून हाका मारतात. माझ्याकडे बघतही नाहीत. मी शब्द दिला होता, चुकलं माझं. परत पाठवते.

मी लिहिलं, बाई, माझं लग्न झाल्याचं मला काही आठवत नाही. ज्या कोणाची असेल त्याला द्या. दार लावून घ्या. लोकांची माणसं ठेवून घेतली की काय होतं ते मला विचारा.

चांगला सल्ला दिला. कोणाच्या उपयोगी पडलं की बरं वाटतं अजून.

२७ एप्रिल

पार्सल आलं. आत एका बाईची चौकट. गडद पट्टी. कोपरे बघितले, नखही शिरत नाही. असा कोपरा माझ्याशिवाय कोणी जोडत नाही. काम माझंच, नक्की माझं.

बाई कोण ते कळत नाही.

भिंतीवर एक खिळा मोकळा आहे, पण आतले सगळे म्हणाले, आता आणखी नको. ड्रायव्हर म्हणाला, गाडी भरली. चौकट दाराबाहेर पायरीशी ठेवली, तोंड भिंतीकडे.

२८ एप्रिल

बाहेर कोणीतरी हाक मारतंय. अहो फ्रेमवाले. ग्रुपमधलंच असणार, दुसरं कोण मला त्या नावाने —

मी ओ दिली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

२९ एप्रिल

सकाळपासून पायरीवर बसली आहे. खिडकीतून खांदा आणि ती चौकट एवढंच दिसतं. मुलाच्या घराकडे जात नाही. इथेच.

तिची चौकट तिनेच भिंतीला टेकवून उभी केली. एका बोटाने नीट केली. वाकडी झाली. डावीकडे. माझा हात आपोआप उठला, सरळ करायला —

का उठला.

दुपार

ऊन फार आहे. ती पाणी मागते आहे. म्हातारी म्हणते, दार लागलंय ना बघ. ड्रायव्हर म्हणतो, उघडायचं नाही. पण पाण्याला कोणाला नाही म्हणू नये. बोटभर दार उघडून ग्लास बाहेर सरकवला.

खिडकीतून बघतोय. पीत नाही. ओंजळीत ग्लास धरून बसली आहे. मी सांगितलं, बाई, गार आहे ते, प्या. तिने मान वर केली. माझ्याकडे बघून हसली आणि पाण्यावर फुंकर —

गार पाण्यावर कोण —

दार. दार लावून घेतलं यांनी, मी उठायच्या आत. ड्रायव्हर पाठ लावून उभा आहे, म्हातारी कडीवर, ती पोरगी माझा हात धरून, लिहू देत नाही — उघडा म्हटलं, सोडा मला, बाहेर ती माझी